भोंगा

सावद्याच्या वाचनालयातल्या त्या पुस्तकाला
केळीच्या चिकाचे डाग होते,
आमच्यातल्याच कुणाचे तरी हात.
निशांक. सूर्यबांध फोडणारा.
अंधारपट्टीच्या खाणवस्तीत जन्मलेला,
जिथला उजेड वरच्यांनी अडवून ठेवला होता
भिंतीमागे, पाण्यासारखा.
शेवटून दुसऱ्या पानावर तो भिंत फोडतो.
ते पान आम्ही इतक्यांदा वाचलं की सुटूनच आलं,
मग युवराज तायडे ते खिशात घालून फिरायचा.

तापीच्या वाळूत आम्ही बांध घालायचो.
युवराज निशांक. कायम.
मी बोलताना अडखळायचो, म्हणून रखवालदार मी.
रखवालदाराला वाक्य नव्हतं.
"तू फक्त मर रे भो," युवराज म्हणायचा,
आणि मी मरायचो, नीट,
दातांत वाळू करकरेस्तोवर.

आता मी हतनूरला असतो. दारांवर.
एकवीस वर्षं झाली.
एक्केचाळीस दारं, वंगणाचा वास,
बोटांच्या रेघांत बसलेलं काळं.
दार उचलायच्या आधी फोन करायचे,
खालच्या गावांना, एकेक, नाव विचारून.
मग भोंगा.
मग थांबायचं. बिडी संपेल इतकं नाही,
पात्रातला माणूस काठावर चढेल इतकं.

परवा भाचा आला, लोकेश, तेच पुस्तक घेऊन.
नवी आवृत्ती. निशांकचा जबडा रुंद झालाय.
रात्रपाळीत वाचायला घेतलं, कळण्याची भाकरी मोडत.

डोंगरातला म्हातारा मी विसरूनच गेलो होतो.
पहिल्या भेटीत तो निशांकला आईविषयी विचारतो,
फार मायेनं.
दुसऱ्या भेटीत सांगतो, तिला कुणी मारलं.
तिसरीत त्या "कुणी"चं "त्यांनी" झालेलं असतं
आणि पुढे अख्ख्या पुस्तकात
पलीकडच्या एकालाही नाव नाही.
निशांक बहिणीची पत्रं न फोडता जाळतो.
लेखक त्याला निर्धार म्हणतो.
लहानपणी ती मला गुहा वाटली होती.
आता खोली वाटते,
एकच खिडकी असलेली, तीही बंद.

म्हातारा खोटं बोलत नव्हता, हेही लिहितो.
आई अंधारातच खंगून गेली.
उजेड चोरीचाच होता.
मी त्या वस्तीत असतो तर
मीही त्याचे बूट पुसून दिले असते.

पण पान एकशे बारा:
"रखवालदार क्षणात विरघळला."
तीन शब्द. त्याचा डबा कुणी आणायचं ते नाही,
पाळी बदलायला किती वेळ उरला होता ते नाही.
आणि लोंढा उतरतो तो खाली,
खाणवस्तीवरच,
सात पिढ्या अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर.
पुढच्या पानावर जयजयकार आहे.
माणसं हात पुढे करून चालताहेत.
आम्हाला वाटायचं, त्याला मिठी मारायला.

निशांकनं भोंगा वाजवला नव्हता.

"मंग तो व्हिलन का, मामा?"
लोकेशचा चेहरा पडला. त्याच्या शर्टावर निशांक.
मी म्हणालो, नि... नि...
आणि कित्येक वर्षांनी शब्द दातांत अडकला,
वाळूसारखा.

युवराज हल्ली सुरतेहून मेसेज पाठवतो,
पहाटे चारला, लांबच लांब.
त्यात "त्यांनी" फार असतं.
आधी मी अंगठा पाठवायचो.
काल फोन लावला. उचलला नाही.
आज पुन्हा लावणार आहे,
नाव घेऊन बोलणार आहे, अडखळलो तरी.

वरून पूर्णेचं पाणी निघालंय.
चार दारं, अर्धा मीटर, असा आदेश आलाय.
फोन झाले. भोंगा झाला.
खाली पात्रात कुणाचा तरी टॉर्च हलतोय अजून,
म्हैस शोधत असेल, जाळं गोळा करत असेल,
कोण आहे, इथून दिसत नाही.

बटणावरचा हात काढून घेतो.
भोंगा, पुन्हा.